मुलीचं हिमोग्लोबिन वाढतच नाही, आता हिमॅटोलॉजिस्टकडे जायला सांगितलंय

वारज्याची_आई

नमस्कार मंडळी. वाचते नेहमी, लिहिते पहिल्यांदाच. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगी २५ वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते. शाळेत असल्यापासून तिचं हिमोग्लोबिन १० आणि ११ च्या मध्ये अडकून बसलंय. लोहाच्या गोळ्या, टॉनिकं, खजूर, बीट, अळीवाचे लाडू, सगळं करून झालं. गोळ्यांनी पोट बिघडतं, मग थोडे दिवस बंद, मग पुन्हा कोणीतरी तपासायला सांगतं आणि पुन्हा तेच. बरं, तिला त्रास म्हणावा तर काही नाही. सिंहगड चढून जाते आणि वर झुणका-भाकर खाऊन उतरते.

लग्न ठरलंय तिचं, मार्गशीर्षातला मुहूर्त आहे. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत आलेले आकडे असे: हिमोग्लोबिन १०.६, आरबीसी ५.६, एमसीव्ही ६१. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला गोळ्या दिल्याच नाहीत. फेरिटिन करून आणा म्हणाल्या, ते ४८ आलं. मग हिमॅटोलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली आणि त्यावर ‘एचपीएलसी’ असं काहीतरी लिहिलं.

नंबर लावला, गेलो. बाहेरच्या बोर्डवर ‘रक्तविकार, रक्ताचा कर्करोग व अस्थिमज्जा प्रत्यारोपण’. ह्यांनी तो बोर्ड वाचला आणि गाडीतून उतरायलाच तयार होईनात. आत डोकावून पाहिलं तर बाकावर दोघंतिघं तोंडाला मास्क लावून, डोक्यावर केस नाहीत. शेवटी रिसेप्शनवर काहीतरी कारण सांगून आम्ही परत फिरलो. लेक भडकली ती भडकलीच, अजून बापाशी बोलत नाही.

हे डॉक्टर नक्की काय करतात? तिथे जाण्याएवढं खरंच काही आहे का, की अजून तीन महिने लोह देऊन बघावं? लगेच हाडातून वगैरे काढून तपासतात का? आणि सासरच्यांना काय सांगायचं? माणसं चांगली आहेत, पण लग्नाच्या तोंडावर अशी गोष्ट चार जणांत गेली की तिला किती पाय फुटतात ते तुम्ही जाणताच.

गुळपोळी

अहो ताई, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. लोखंडी कढईत भाजी करा, रात्री काळ्या मनुका भिजत घालून सकाळी पाण्यासकट द्या. माझ्या नणंदेचं दोन महिन्यांत ९ चं १२ झालं. या मोठ्या डॉक्टरांकडे गेलं की तपासण्यांची यादीच निघते.

काचपट्टी

गुळपोळी, तुमच्या नणंदेला लोह कमी होतं म्हणून लोहाने गुण आला. या मुलीचं फेरिटिन ४८ आहे. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारात शिल्लक असलेलं लोह. ते पंधरा-वीसच्या खाली गेलेलं असतं तर मीही कढईच सांगितली असती, आणि सोबत गोळ्याही. कारण हिमोग्लोबिन ९ असताना नुसत्या मनुकांनी भागत नाही. नणंदबाईंनी गोळ्यापण घेतल्या असणार, विचारून बघा.

वारज्याची आई, मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते, आता निवृत्त. हिमॅटोलॉजीच्या टेबलावर जन्म गेला. त्यामुळे त्या बाकावर कोण बसतं ते मला चांगलं ठाऊक आहे, सगळ्यांच्या नळ्या माझ्याकडेच यायच्या.

तिथे सर्वात जास्त कोण येतं? लोह कमी झालेल्या बायका. महिन्याला पाळी भरमसाट जाते, गर्भाशयात गाठ असते, पण घरी बोलायची चोरी. मग बी-बारा जीवनसत्त्व कमी झालेले, आणि पुण्यात त्यांना तोटा नाही. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांवर यावर कितीतरी वर्षं काम केलंय, आणि कमतरता शहरी मध्यमवर्गात सगळ्यात जास्त सापडली. म्हणजे आपल्याच घरांत. मग प्लेटलेट घसरलेले. पायात गुठळी होऊन रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले, हातात आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा कागद. दोन-तीनदा गर्भपात झालेल्या मुली. सांध्यात रक्त उतरणारी हिमोफिलियाची पोरं. आणि हो, रक्ताच्या कर्करोगाचेही असतात, कारण तेही याच डॉक्टरांचं काम. बोर्डवर माणूस आपलं सगळ्यात भारी काम लिहितो. ‘येथे लोह कमी असल्यास सांगितले जाईल’ असा बोर्ड कोणी लावेल का?

आता आकडे. लोक पहिली ओळ वाचतात आणि कागद मिटतात. हिमोग्लोबिन १०.६ यावरून काय कळतं? ताप १०१ आहे एवढ्यावरून मलेरिया की टायफॉइड ते जसं कळत नाही, तसं काहीच नाही. खालच्या ओळी वाचायच्या. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असावा. तुमच्या लेकीचा ६१. पेशी फारच लहान. आणि आरबीसी, म्हणजे पेशींची संख्या, ५.६. बाईमाणसाच्या मानाने जास्त. तिथेच तर मेख आहे.

लोह कमी पडलं की मज्जेला, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या गराला, पेशी बनवायला माल पुरत नाही. पेशी लहान होतात आणि संख्येनेही घटतात. थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्तविकार, आणि मायनर म्हणजे त्याचं नुसतं वाहकपण. त्यात लोह बहुतेकदा पुरेसं असतं, पण हिमोग्लोबिनची जी बीटा साखळी असते ती बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एक जनुक नीट चालत नाही. पेशी लहान होतात, पण मज्जा त्या भराभर काढत राहते. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. ६१ भागिले ५.६, उत्तर १०.९. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय धरायचा, वर गेलं तर लोहाची कमतरता. मेंट्झर नावाच्या डॉक्टरने १९७३ मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापलं, आणि आजही लॅबमध्ये ते पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात करतात. अर्थात हा अंदाज झाला, निदान नव्हे. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी मनातल्या मनात हाच भागाकार केला असणार. चांगल्या डॉक्टर आहेत, सोडू नका त्यांना.

यंत्र आकडे देतं, पण काच बघितल्याशिवाय माझं कधी समाधान झालं नाही. थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने एका झटक्यात ओढायचा, वाळला की लीशमनचा रंग, वर बफर, मग धुवायचं. तेलाच्या भिंगाखाली शेजारीशेजारी बघायचं: लहान लिम्फोसाइटचं (ही एक पांढरी पेशी) जांभळं केंद्रक केवढं आणि तांबडी पेशी केवढी. दोन्ही सारख्या दिसल्या तर पेशी नॉर्मल. अशा मुलींच्या काचेवर तांबडी पेशी त्या केंद्रकापुढे पिटुकली दिसते, मधला फिका भाग मोठा, आणि काही पेशींच्या मध्यावर परत एक गडद ठिपका, नेमबाजीच्या पाटीवर असतो तसा. एखाद्या पेशीत निळसर बारीक कण विखुरलेले. हे दिसलं की एचपीएलसी लावा असं आम्हीच वर कळवायचो.

एचपीएलसीत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. ए-टू नावाचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की बीटा थॅलेसेमिया मायनर. एक ग्यानबाची मेख यातही आहे. अंगात लोह फार कमी असेल तर ए-टू खोटं कमी दिसू शकतं. म्हणून आधी फेरिटिन. ते तुमचं झालेलं आहे आणि ठीक आहे.

मायनर निघालं तर तिला उपचार काय? काही नाही. तो आजार नव्हेच, वाहकपण आहे. जन्मभर १०-११ हिमोग्लोबिन घेऊन ती सिंहगड चढेल. फक्त लोहाच्या गोळ्या उगाच चालू ठेवायच्या नाहीत; फेरिटिन खरोखर कमी झालं तरच. गरोदरपणात डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगायचं, एवढंच पथ्य.

हाडातून कोणी काही काढणार नाही. मज्जेची तपासणी, कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून करतात. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच घसरलं असेल किंवा काचेवर भलत्या पेशी दिसल्या तर. तुमच्या लेकीच्या कागदावर त्याचं कारण दिसत नाही. ते डॉक्टर पापणी, जीभ, नखं बघतील, डाव्या बरगडीखाली हात घालून प्लीहा चाचपतील आणि प्रश्न विचारतील. तुमचं मूळ गाव कुठलं, नात्यात कोणाला वारंवार रक्त चढवतात का, कोणाला लहानपणी कावीळ, पित्ताशयात खडे. मूळ गावाच्या प्रश्नाचा राग धरू नका. सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी घरांत हे जास्त आहे आणि आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासींत सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार), म्हणून विचारतात. मराठी घरांत नाही असं मात्र मुळीच नाही. आमच्या टेबलावर कोकणातली, देशावरची, सगळी आडनावं यायची.

राहिला नवरदेव. त्याची तपासणी लग्नाआधी हवीच. का, ते इथले पिंपरीकर सांगतील, ते वाचत असतात.

चहाबाज_नारायणपेठ

काचपट्टी बाई, आलाच आहात तर माझंही सांगा. आई ६८ वर्षांची, हिमोग्लोबिन ८.४, फेरिटिन ६. इथे तर लोहच कमी आहे ना? तीन महिने गोळ्या चालू आहेत, ढिम्म हलत नाही. गोळी ती सकाळी चहाबरोबर घेते. पित्ताची गोळी बरीच वर्षं चालू आहे.

काचपट्टी

चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर हवं, लिंबूपाणी बरोबर घेतलेलं बरं. पित्ताची गोळी पोटातलं आम्ल घटवते आणि लोहाला ते आम्ल लागतं. ही दोन कारणं तर तुम्हीच लिहिलीत. हल्ली काही डॉक्टर गोळी रोज न देता एक दिवसाआड देतात, पोटाला सोसते आणि शोषणही बरं होतं. गोळी लागू पडली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वर यायला हवं. नाहीच आलं तर शिरेतून लोह देतात, एक-दोन बैठकांत काम होतं. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की लगेच गोळ्या थांबवायच्या नाहीत, कोठार भरायला पुढे तीन महिने लागतात.

पण हे सगळं नंतर. तुमच्या आईला पाळी नाही. मग फेरिटिन ६ होईपर्यंत लोह गेलं कुठे? या वयात पहिला संशय पोटातून रक्त जाण्याचा. शौचाला काळं होतं का (गोळ्यांनीही होतं, म्हणून गोळ्या सुरू व्हायच्या आधीचं आठवायला सांगा), मूळव्याध आहे का, गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या रोज घेते का. दुर्बिणीची तपासणी, वरून आणि खालून, डॉक्टरांशी बोलून लवकर करून घ्या. हा सल्ला वारज्याच्या आईंना दिला त्यापेक्षा निकडीचा आहे. आणि पित्ताची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चहाबाज_नारायणपेठ

रोज दोन वेदनाशामक घेते. उद्याच नंबर लावतो.

हडपसर_एक्स्प्रेस

वारज्याची आई, त्या बाकावर बसणाऱ्यांपैकी मी एक, आणि मला कर्करोग नाही. मला आयटीपी आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट खाते.

नडगीवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके उठले, दाबले तरी जाईनात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. तपासलं तर प्लेटलेट ८ हजार. हवेत किमान दीड लाख. पावसाळा होता, सोसायटीत सगळ्यांनी डेंग्यू ठरवून टाकला. पपईच्या पानांचा रस आला, किवी आली, एक काका बकरीचं दूध घेऊन आले. प्रेमाने आणलं होतं, पण रस इतका कडू की मी तो कुंडीत ओतला. जास्वंद अजून चांगली आहे.

डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं तर काच परत मागवली. म्हणाले, नळीतल्या औषधाने प्लेटलेट एकमेकींना चिकटतात कधीकधी, यंत्राला त्या मोजता येत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. माझा खरा निघाला. मग स्टिरॉइड, भरपूर. तोंड सुजून चंद्र, भूक अशी की रात्री उठून पोळी-गूळ खायचो, झोप नाही, बायकोवर चिडचिड. आकडा वर आला, डोस कमी केला की खाली. मग एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी सुरू झाली, ती मज्जेला प्लेटलेट बनवायला लावते. ती दुधापासून लांब घ्यावी लागते, म्हणजे चहासुद्धा नाही. गोळी घेऊन दोन तास थांबायचं मगच चहा. चहाबाज, तुमच्या आईचा विरह मला कळतो.

डॉक्टरांचं म्हणणं, आकड्याच्या मागे लागायचं नाही. आकडा तीस हजारांच्या वर आहे आणि कुठून रक्त येत नाही, तर बऱ्याच मोठ्या माणसांना औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. मला हे पटायला वेळ लागला, कारण रिपोर्टमध्ये आकडा लाल अक्षरात छापून येतो. ब्रुफेन, ॲस्पिरिन बंद. दाताचं काही करायचं तर आधी विचारून.

काचपट्टी

प्लेटलेट चिकटण्याचं अगदी बरोबर. अशा वेळी निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत परत रक्त घ्यायचं. चांगल्या धडधाकट माणसाला वीस हजारांचा आकडा दाखवून घाबरवलेलं मी पाहिलंय, आणि काचेवर मात्र प्लेटलेटचे झुपके. आकडा न पटणारा असला तर लॅबला ‘काच बघितली का’ एवढंच विचारा. रागावतात, पण बघतात.

पिंपरीकर_बाबा

काचपट्टी ताईंनी नाव काढलं म्हणून लिहितो. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे त्याची दोन्ही जनुकं बिघडलेली. आता नववीत आहे.

मी आणि बायको दोघंही मायनर. दोघांनाही कधी काही झालं नाही, म्हणून कोणी तपासलं नाही. पोरगं जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं. पहिल्या काही महिन्यांत बाळाचं वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते मोठ्या माणसांच्या हिमोग्लोबिनला जागा देतं तेव्हा हा आजार बाहेर पडतो. सातव्या-आठव्या महिन्यात ते पांढरं पडत गेलं, दूध पिताना दमायचं. दोन्ही आईबाप वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मेजर बाळाची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी, नव्याने. आमच्या नातेवाइकांना वाटायचं एक झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही.

दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवतो. हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास आलं की तारीख. आदल्या दिवशी जुळवणीसाठी नमुना द्यायचा, सकाळी डे-केअरला पोचायचं, खिडकीजवळचा पलंग मिळाला तर स्वारी खूश. पिशवीला गाळणी लावतात, पांढऱ्या पेशी अडवायला, म्हणजे थंडी-ताप कमी येतो. तीन-चार तास. तो मोबाईलवर क्रिकेट बघतो, मी ऑफिसचे फोन घेतो. संध्याकाळी गाल गुलाबी.

पण खरा आजार पुढे आहे. एका पिशवीतून साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाटच नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साठतं. इथे सगळे लोह वाढवायला बघतायत आणि आम्ही ते उपसतोय! डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या पाण्यात विरघळवून रोज. खडू ढवळल्यासारखं पाणी, पोरगं नाक धरून पितं. मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या, फेरिटिन ठरलेलं, वर्षाकाठी हृदयातलं लोह बघायला एमआरआय. डॉक्टर फक्त रक्त देत नाहीत, उंची, साखर, थायरॉइड, सगळ्यावर डोळा ठेवतात.

कायमचा उपाय मज्जा प्रत्यारोपण, आणि त्यासाठी शक्यतो सख्ख्या भावंडाची एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळावी लागते. शक्यता चारात एक. आमच्या मोठ्या मुलीची नाही जुळली. लहान वयात, लोह साठायच्या आधी केलं तर निकाल चांगले येतात.

एक सरकारी गोष्ट. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना रक्तावरचा प्रक्रिया खर्च माफ असतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे तिन्ही आजार आहेत, प्रमाणपत्र मिळतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, बिलाच्या खिडकीवर वाद घालून काही होत नाही.

आणि पुणेकरांनो, गणपतीत मंडळं शिबिरं घेतात, एका दिवशी शेकड्यांनी पिशव्या. उत्तम. पण तांबड्या पेशी बेचाळीस दिवसांच्या वर टिकत नाहीत. मे महिन्यात कॉलेजं बंद, निम्मं पुणं गावाला, आणि आम्ही या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत. मंडळात कोणी कार्यकर्ते असाल तर एक शिबिर मेमध्ये घ्या राव. ढोल नसला तरी चालेल.

वारज्याच्या आई, तुमच्या मुलीला काही झालेलं नाही. जावयाची एक नळी रक्त तपासून घ्या. आम्हाला कोणी सांगितलं असतं तर आम्ही लग्न मोडलं नसतं, पण पहिल्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यात बाळाची तपासणी केली असती. ती सोय आहे. आधी दोघांच्या जनुकातला दोष नेमका कोणता ते शोधून ठेवतात, मग वारेचा बारीक तुकडा घेऊन बघतात.

गुळपोळी

वाचून गलबलून आलं. नणंदेला विचारलं, गोळ्या घेत होती म्हणे. आमचं मंडळ कसब्यातलं आहे, मे महिन्याचं मी बोलते.

वारज्याची_आई

सगळ्यांचे आभार. जाऊन आलो. ह्यांना हा धागा वाचायला दिला, तेव्हा उतरले गाडीतून.

काचपट्टी ताई, तुम्ही लिहिलंत तसंच सगळं. प्लीहा चाचपली, मूळ गाव विचारलं (संगमेश्वर). केस नसलेले एक आजोबा बाकावर होते, त्यांनीच आम्हाला नंबर कसा पुकारतात ते समजावलं. एचपीएलसीत ए-टू ५.३ आलं. बीटा थॅलेसेमिया मायनर. डॉक्टर म्हणाले, आईबापांपैकी एकाकडून आलेलंच असणार, दोघंही तपासा. माझं २.७. ह्यांचं ५.१! आयुष्यभर ‘मला औषध लागत नाही’ म्हणून मिरवले. आता दोन्ही बहिणींना आणि पुतण्यांना फोन करकरून तपासायला सांगतायत, लेकीशी बोलणंही सुरू झालंय, म्हणजे ती ‘बाबा, तुमच्यामुळे’ म्हणते आणि हे हसतात.

व्याह्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. विहीणबाई आधी गप्प झाल्या, मग त्यांनी विचारलं की यात मुलीला त्रास काय होतो. काही नाही म्हटल्यावर चहा टाकला. जावई लगेच तयार, त्याने ऑफिसचा जुना रिपोर्ट काढून दाखवला: हिमोग्लोबिन १३.४, एमसीव्ही ७६, आरबीसी ५.३. हे किती वाईट? माझी झोप उडाली आहे.

काचपट्टी

भागाकार केला असेल तुम्ही: १४.३. तेराच्या वर, पण त्यावर निश्चिंत होऊ नका आणि झोपही घालवू नका. ७६ हा आकडा मधलाच आहे. नुसतं लोह कमी असेल तरी येतो, वाहक असला तरी येऊ शकतो. लोह आणि बी-बारा दोन्ही कमी असले तर एक पेशी लहान करतं, दुसरं मोठी करतं आणि सरासरी भलतीच दिसते. जुन्या रिपोर्टवर काहीच ठरवायचं नाही. नवा सीबीसी (सगळ्या रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-बारा आणि एचपीएलसी एकाच वेळी द्यायला सांगा. ए-टू तीन-साडेतीनच्या घरात लटकलं तर लोह भरून काढून पुन्हा करतात, किंवा थेट जनुकाची तपासणी. ते डॉक्टरांवर सोडा.

उपाशीपोटी जायची गरज नाही. जांभळ्या टोपणाची एक नळी आणि फेरिटिन, बी-बारासाठी आणखी एक. गेल्या तीन महिन्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर आधी सांगायचं, उत्तर चुकतं. बी-बाराच्या किंवा लोहाच्या गोळ्या घेत असेल तर तेही. तो आकडा आल्यावर पिंपरीकर म्हणाले त्या बाळाच्या तपासणीची गरज पडली तरच तिचा विचार करायचा, आज नाही.

आणि रिपोर्ट आला की त्याचा फोटो इथे टाकू नका, नाव, वय, फोन नंबर सगळं दिसतं. आकडे लिहा. एमसीव्ही आणि आरबीसी दोन्ही, विसरू नका.